प्रार्थनास्थळांच्या सुरक्षेचा विचार दारातल्या माणसापासून व्हावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरच्या महाल भागातील शंभर-सव्वाशे घरांच्या वर्गणीवर चालणाऱ्या एका लहान मंदिराच्या पंचकमिटीचा मी गेली अकरा वर्षे कोषाध्यक्ष आहे. गेल्या महिन्यात कमिटीच्या बैठकीत, शिलकीतल्या रकमेतून प्रवेशद्वारी चौकटीचा मेटल डिटेक्टर बसवावा, असा ठराव आला. ठराव मांडणाऱ्यांची काळजी खरी होती आणि त्यामागे कोणाबद्दलही आकस नव्हता. तरीही मी विरोध केला. इतिवृत्तात माझे म्हणणे दोन ओळींत आटोपले आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी आपल्या सदराचा आधार घेत आहे, कारण हा प्रश्न आमच्या एका मंदिराचा नसून या शहरातील प्रत्येक मंदिराचा, मशिदीचा, विहाराचा, चर्चचा आणि गुरुद्वाऱ्याचा आहे.

आधी आमच्याकडे घडलेला एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या सोमवारी, दर्शनाची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेली असताना, हातपाय धुण्याच्या नळाजवळ एक रेक्झीनची पिशवी ठेवून एक माणूस दर्शन न घेताच निघून गेला. शेकडो माणसांच्या गर्दीत ही गोष्ट लक्षात आली ती फक्त चपला सांभाळणाऱ्या बाईंच्या. वीस वर्षे त्या त्याच पायरीवर बसतात. कोण चपला काढून आत जातो आणि कोण न काढता परततो, हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही. त्यांनी पुजाऱ्यांना सांगितले, पुजाऱ्यांनी सचिवांना फोन लावला, तर सचिव अमरावतीला लग्नाला गेलेले. भिंतीवर रंगवलेला पोलीस ठाण्याचा क्रमांक केव्हाच बंद पडलेला निघाला. ११२ वर फोन करावा हे गर्दीतल्या कोणाला तरी सुचेपर्यंत एका उत्साही तरुणाने पिशवी उचलून हाताने उघडलीसुद्धा. आत जेवणाचा डबा आणि अंगावरचे दोन कपडे होते. सगळे हसले, रांग पुन्हा सरकू लागली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या चाळीस मिनिटांत आम्ही केलेली एकही गोष्ट बरोबर नव्हती आणि जे एकमेव काम बरोबर झाले, ते ज्या बाईंनी केले त्यांना कमिटीच्या बैठकीत कधी खुर्चीसुद्धा मिळालेली नाही.

जगभरातील प्रार्थनास्थळांवरील हल्ल्यांची हकीकत वाचू लागलो की पुन्हा पुन्हा हेच दिसते. २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, श्रीलंकेत एकाच सकाळी तीन चर्च आणि काही हॉटेलांमध्ये आत्मघाती स्फोट झाले आणि अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. नेगोंबोच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये हल्लेखोर थेट प्रार्थनेच्या गर्दीपर्यंत पोहोचला. तिथे मृतांची संख्या शंभराच्या वर गेली. बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये मात्र पाठीवर पिशवी घेतलेल्या अनोळखी तरुणाला आवारातच एका भाविकाने हटकले, त्याच्याकडे विचारपूस केली आणि त्याला आत जाऊ दिले नाही. स्फोट बाहेर झाला. त्यातही अनेक जीव गेले, त्यांत लहान मुले होती आणि तो हटकणारा माणूसही होता. परंतु भरलेल्या सभागृहात तोच स्फोट झाला असता तर काय झाले असते, हे नेगोंबोने त्याच सकाळी दाखवून दिले होते.

त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला जर्मनीतील हाले शहरात, ज्यूंच्या योम किप्पूर या सर्वांत पवित्र दिवशी, एक सशस्त्र वंशद्वेष्टा सिनेगॉगच्या दारापर्यंत आला. दारावर पोलीस नव्हता. आत पन्नासच्या आसपास माणसे प्रार्थनेला बसलेली होती. दार आतून बंद होते आणि बाहेरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर समाजातल्याच एका स्वयंसेवकाचे लक्ष होते. हल्लेखोराने दारावर गोळ्या झाडल्या, स्फोटकेही वापरली, तरी ते लाकडी दार टिकले. चिडून त्याने बाहेर दोन निरपराध माणसांचा जीव घेतला. अमेरिकेतील ओक क्रीक येथील गुरुद्वाऱ्यात ५ ऑगस्ट २०१२ च्या रविवारी अंगणात खेळणाऱ्या दोन मुलांनी बंदूकधाऱ्याला पाहिले आणि धावत आत जाऊन मोठ्यांना सावध केले, त्यामुळे लंगरच्या स्वयंपाकात असलेल्या स्त्रियांना आडोसा गाठता आला. तरीही त्या दिवशी सहा जणांचे प्राण गेले आणि जखमी झालेले आणखी एक गृहस्थ पुढे २०२० मध्ये त्याच जखमांमुळे वारले. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जण मारले गेले. त्यांतील दुसऱ्या, लिनवूडच्या मशिदीत, हाताला लागलेले कार्डाने पैसे घेण्याचे यंत्र फेकत हल्लेखोराच्या अंगावर धावून गेलेल्या एका नमाजी माणसामुळे तो पळाला. या चारही ठिकाणी पहिला क्षण ज्यांच्या वाट्याला आला ती साधी, पगारी नसलेली माणसे होती.

यंत्र निरुपयोगी असते, असे मला म्हणायचे नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, कोराडीला नवरात्रात रांगा लागतात, ताजबागला उर्साच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. तिथे पोलिसांनी यंत्रे लावली पाहिजेत आणि ती लावलीही जातात. माझा आक्षेप आमच्यासारख्या लहान ठिकाणांपुरता आहे. तिथे चौकट उभी राहते, पहिल्या महिन्यात ती प्रत्येक किल्लीला आणि कमरेच्या पट्ट्याला ओरडते, दुसऱ्या महिन्यात पुजारी वैतागून तिचा आवाज बंद करतात आणि तिसऱ्या महिन्यापासून तिच्यावर आंब्याचे तोरण लागते. त्या रकमेत दारात बसणाऱ्या दोन माणसांना वर्षभर मानधन देता येते.

पण ‘दारातल्या माणसाने लक्ष ठेवावे’ असे म्हटले की लगेच एक धोका येतो आणि त्याबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे. लक्ष ठेवायचे ते वागण्यावर. कपड्यांवर, दाढीवर, टोपीवर किंवा टिळ्यावर नव्हे. आपल्या शहराला हे वेगळे शिकवायची गरज पडू नये. १ जून २००६ च्या पहाटे याच महालात, संघ मुख्यालयावर हल्ला करायला आलेले तीन सशस्त्र दहशतवादी लाल दिव्याच्या पांढऱ्या ॲम्बेसेडर गाडीतून, पोलिसांच्या गणवेशात आले होते. ते प्रार्थनास्थळ नव्हते, परंतु धडा तोच आहे. गणवेश पाहून सलाम ठोकला असता तर ते आत गेले असते. गस्तीवरच्या पोलिसांना त्या गाडीच्या चालचलणुकीचा संशय आला, त्यांनी पाठलाग केला आणि तिघेही चकमकीत मारले गेले. जो पोशाखावरून माणूस ओळखायला जातो तो निरपराध शेजाऱ्याचा अपमान करतो आणि खऱ्या हल्लेखोराला वाट मोकळी करून देतो.

कुठे काही घडले की तरुण मंडळी ‘आपण तयारीत राहायला हवे’ म्हणून आवारात लाठ्या-तलवारी ठेवण्याची भाषा करतात. ही भाषा मी सर्व धर्मांच्या तोंडून ऐकली आहे. त्यांना कायदा माहीत नसतो. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार कोणत्याही धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापकाने आवारात शस्त्रे किंवा दारूगोळा येऊ देणे हा गुन्हा आहे. शिखांचे कृपाण आणि धार्मिक विधीचा भाग असलेली शस्त्रे एवढाच त्याला अपवाद. तो कायदा येण्याआधी पंजाबने जे सोसले ते आठवणाऱ्या माझ्या पिढीला त्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. ज्या आवारात शस्त्रे साठतात ते आवार सुरक्षित होत नाही, उलट ते लक्ष्य होते.

आता ज्या मुद्द्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले त्याकडे येतो. प्रार्थनास्थळावर हल्ला करणाऱ्याला केवळ तिथल्या माणसांचा जीव घ्यायचा नसतो. दुसऱ्या दिवशी दोन मोहल्ले एकमेकांवर धावून जावेत, हे त्याचे खरे ईप्सित असते. म्हणून बचावाचा अर्धा भाग स्फोटाच्या आधी असतो आणि अर्धा स्फोटानंतरच्या काही तासांत. २४ सप्टेंबर २००२ ला गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर दहशतवाद्यांनी हल्ला केला, तीसहून अधिक माणसे मारली गेली. स्वयंसेवकांनी मुख्य मंदिराची दारे वेळीच लावून घेतल्याने आतले अनेक भाविक वाचले. त्याच वर्षी गुजरात दंगलींतून होरपळून निघालेला होता; त्या संप्रदायाचे गुरू प्रमुख स्वामी महाराजांनी शांततेचे आवाहन केले आणि सूडाची लाट उठली नाही. ७ मार्च २००६ ला वाराणसीच्या संकटमोचन मंदिरात ऐन मंगळवारच्या गर्दीत स्फोट झाला. तिथले महंत वीरभद्र मिश्र हे बनारस हिंदू विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि गंगा स्वच्छतेसाठी आयुष्य वेचलेले गृहस्थ होते. त्यांनी संयमाचे आवाहन केले, शहरातील मुस्लिम धर्मगुरू त्यांच्यासोबत उभे राहिले आणि काशीत दंगल झाली नाही. पाकिस्तानात सेहवानच्या लाल शाहबाज कलंदर दर्ग्यात १६ फेब्रुवारी २०१७ ला ऐंशीहून अधिक भाविक मारले गेले, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तिथल्या सेवेकऱ्याने रोजच्यासारखी घंटा वाजवली.

आपल्या महाराष्ट्रात मालेगाव आहे, आणि मालेगावची गोष्ट मनाला अधिक बोचते. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात बॉम्ब फुटले, तीसहून अधिक माणसे गेली. शहर पेटले नाही. परंतु ज्या तरुणांना आरोपी केले गेले त्यांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले, तोपर्यंत त्यांच्या उमेदीची वर्षे संपली होती. त्याच शहरातील २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. अक्षरधामच्या खटल्यातील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ ला निर्दोष ठरवले. आरोपी कोणत्या धर्माचे होते यावरून या निकालांबद्दल आनंद वा संताप व्यक्त करणारे मी पाहतो तेव्हा मला त्या घरांची आठवण येते ज्यांचे माणूस गेले आणि ते कोणी मारले हे ज्यांना आजही कळलेले नाही. घाईने आणि दबावाखाली केलेला तपास हा पुढच्या हल्लेखोराला दिलेला दिलासा असतो.

नागपूरकरांनी अफवेची ताकद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी, औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीसाठी दुपारी झालेल्या आंदोलनात पवित्र वचने लिहिलेली चादर जाळली गेल्याची अफवा पसरली आणि काही तासांत चिटणीस पार्कपासून हंसापुरीपर्यंत दगडफेक, जाळपोळ झाली. अनेक पोलीस जखमी झाले, शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली, ती पूर्णपणे उठायला २३ मार्च उजाडला आणि जखमींपैकी एकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. त्या रात्री आमच्या गल्लीत मोबाइलवर मिनिटाला दोन-तीन संदेश येत होते. अमुक मंदिर फोडले, तमुक मशिदीत माणसे जमली, असा त्यांचा सूर. आमच्या मंदिराबद्दलही एक संदेश फिरला, तेव्हा मी मंदिराच्या ओट्यावरच बसलेलो होतो आणि समईसुद्धा विझलेली नव्हती. मी तसे लिहिले, पण माझे उत्तर चार जणांपर्यंत पोहोचले आणि अफवा चारशे जणांपर्यंत. त्या वेळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी रजई-गाद्या भरण्याचे दुकान असलेल्या मुस्लिम गृहस्थांनी स्वतःहून मंदिराच्या बंद, शाबूत दाराचे छायाचित्र काढून आपल्या मोहल्ल्यातील गटांवर टाकले आणि मला फोन करून त्यांच्या बाजूच्या मशिदीची खरी स्थिती सांगितली. त्या छायाचित्राने आमच्या दोन गल्ल्या शांत राहिल्या, असे माझे प्रामाणिक मत आहे. मात्र तो निव्वळ आमच्या जुन्या ओळखीचा योग होता. शहराची सुरक्षा अशा योगावर सोडता येणार नाही.

क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराने आपले कृत्य फेसबुकवरून थेट दाखवले होते आणि त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती पहिल्या २४ तासांत काढून टाकल्याचे त्या कंपनीने सांगितले. एवढ्या प्रती एकट्या हल्लेखोराने टाकलेल्या नव्हत्या. द्वेषाच्या भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतःहून गुन्हे नोंदवावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश एप्रिल २०२३ पासून सर्व राज्यांना लागू आहे. तो वक्त्याचा पक्ष न पाहता पाळला गेला तरच त्याला अर्थ आहे.

यावरचा उपाय महाराष्ट्राने पूर्वी करून पाहिला आहे. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनी बदनाम झालेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने १९८८ च्या सुमारास मोहल्ला समित्या सुरू केल्या. पुढाऱ्यांना बोलावून चहा पाजण्याची ती शांतता समिती नव्हती. दोन्ही समाजांतील रिक्षावाले, यंत्रमागावरचे कामगार, दुकानदार यांना नियमितपणे एकत्र बसवून नळाच्या पाण्यापासूनचे प्रश्न बोलायला लावणारी ती व्यवस्था होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे शांतता समित्या आहेत, पण त्या सणाच्या चार दिवस आधी जागतात आणि त्यांत तीच वीस-पंचवीस नावे असतात. नागपूरला तर याहून सोपे जायला हवे. ज्यांचा दर्गा ताजबागला आहे त्या ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून जामीन राहून आपल्या राजवाड्यात आणणारे रघुजीराव भोसले होते आणि आजही ताजबागला जाणाऱ्यांत हिंदू किती आहेत, हे कोणत्याही गुरुवारी तिथे जाऊन पाहता येते.

माझी पोलीस आयुक्तालयाला विनंती आहे की प्रत्येक ठाण्याच्या हद्दीतील सर्व प्रार्थनास्थळांची, अगदी चौकातल्या देवळीपासून भाड्याच्या खोलीतल्या प्रार्थनागृहापर्यंत, यादी करावी आणि प्रत्येक ठिकाणच्या दोन जबाबदार माणसांचे चालू क्रमांक ठाणेदारांकडे व परस्परांकडेही असावेत. अफवा आली की मंदिराबद्दलची खात्री मशिदीतल्या माणसाने आणि मशिदीबद्दलची मंदिरातल्या माणसाने द्यावी, कारण स्वतःच्या ठिकाणाबद्दल स्वतः दिलेल्या ग्वाहीवर दुसऱ्या बाजूचा विश्वास बसत नाही. मिळालेला इशारा संबंधित ठिकाणापर्यंत पोहोचलाच पाहिजे, याचीही कोणीतरी जबाबदारी घ्यावी. श्रीलंकेला भारताकडून हल्ल्याची आगाऊ माहिती मिळालेली होती, ती चर्चपर्यंत गेली नाही आणि या हलगर्जीपणाबद्दल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांना १० कोटी श्रीलंकन रुपयांची भरपाई द्यायला लावली.

विश्वस्तांना माझी वेगळी विनंती आहे आणि ती आमच्या कमिटीलाही लागू आहे. आपल्या मागच्या दारांकडे पाहा. आमच्या मंदिराच्या मागच्या दारात मांडवाचे बांबू, गणपतीचे जुने मखर आणि फुटकी समई रचून ठेवलेली होती. कुलुपाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधायला मला तीन दिवस लागले. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीला चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास भाविक गेले. ३ ऑगस्ट २००८ ला हिमाचलातील नैनादेवीला दरड कोसळल्याच्या नुसत्या अफवेने शंभराहून अधिक माणसे तुडवली गेली. म्हणजे बॉम्ब असण्याचीही गरज नाही, ‘बॉम्ब’ हा शब्द कोणी ओरडला आणि बाहेर पडायला एकच अरुंद दार असले की पुरे. बेवारस वस्तूला हात लावायचा नाही, गर्दीला न ओरडता कोणत्या बाजूने काढायचे, फोन कोणाला करायचा आणि फोनवर नेमके काय सांगायचे, एवढ्या गोष्टी पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाने एका दुपारी शिकवल्या तरी पुष्कळ आहे.

आमच्या बैठकीत मेटल डिटेक्टरचा ठराव अखेर दोन मतांनी लांबणीवर पडला. मागचे दार मात्र मोकळे झाले असून त्याची एक किल्ली पुजाऱ्यांकडे, एक माझ्याकडे आणि तिसरी, कमिटीच्या रीतसर मान्यतेने, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या गादीवाल्या शेजाऱ्यांकडे दिलेली आहे. नवरात्राआधी आमच्या हद्दीतील ठाण्याने असे प्रशिक्षण ठेवावे, असा अर्ज आम्ही दिला आहे. त्याला विश्वस्तांबरोबर चपला सांभाळणाऱ्या, फुले विकणाऱ्या, मुजावर, सेवादार, चर्चचे राखणदार अशा सर्वांना नावानिशी बोलवावे, ही आपल्या वृत्तपत्राद्वारे पुन्हा विनंती. आमच्याकडून त्या बाई येणार आहेत. सायंकाळची आरती सहाला असते आणि त्यापूर्वी त्यांना पायरीवर परतायचे असते, म्हणून वेळ दुपारची ठेवावी.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
महाल, नागपूर